ओवाळणीत गिअर

स्टिअरिंगवर गिअर असणे ही आपल्याला नवलाई नाही. फियाटमध्ये किंवा जुन्या अँबॅसडरमध्ये बसलेल्या प्रत्येकाने तो पाहिला आहे. चाकाखालून निघालेला तो लांब दांडा, त्याच्या टोकाचा हाताने गुळगुळीत झालेला गोळा, आणि तो वरखाली करताना ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर येणारा एक प्रकारचा गंभीर भाव! मधल्या जागेत गिअरचा दांडा नसल्यामुळे पुढची बैठक शाळेतल्या बाकासारखी अखंड असे. तिच्यावर ड्रायव्हर, काका, काकांच्या मांडीवर एक पोर आणि दाराशी पाहुणा, अशी चौघांची सोय होई. दांड्यापासून गिअरपेटीपर्यंत सळ्यांची आणि सांध्यांची एक साखळी होती. सांधे झिजले की दोन सळ्या एकमेकींत अडकायच्या. मग ड्रायव्हर निमूटपणे खाली उतरायचा, बॉनेट उघडून त्या हाताने सोडवायचा आणि फडक्याला हात पुसत परत येऊन बसायचा. मागे बसलेले कुणी विचारायचेही नाही की काय झाले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी रस्त्यावरून निघाली, तेव्हा तिच्या काळ्यापिवळ्या रंगावर पुष्कळ लिहून आले. त्या दांड्याची आठवण मात्र मला कुठे वाचायला मिळाली नाही.

तोच गिअर आता पुन्हा चाकावर आला आहे, पण रूप पालटून. चाकाच्या मागे दोन्ही बाजूंना, बोटांना लागतील अशा दोन पाकळ्या. उजवी ओढली की गिअर एकाने वर, डावी ओढली की एकाने खाली. बाजारात यांना पॅडल शिफ्टर म्हणतात. मी या लेखापुरते पाकळ्याच म्हणणार आहे. गंमत अशी की या पाकळ्या येतात त्या आपोआप गिअर पडणाऱ्या मोटारीला. म्हणजे ज्या गाडीत गिअर टाकण्याची यातायातच उरली नाही, नेमकी तिच्यात ही हौस! गाड्यांच्या वरच्या, महागड्या प्रकारांना कारखानाच त्या बसवून देतो. खालच्या प्रकारांना बहुधा देत नाही. मग ज्यांच्याकडे नाहीत ते बाहेरून बसवून घ्यायला निघतात. टायरच्या हवेपासून वायपरच्या रबरापर्यंत या सदरात वर्षभर बारीकसारीक गोष्टी झाल्या, पण या विषयाला मी हात लावला नव्हता. दहांतल्या नऊ जणांच्या बाबतीत तो निव्वळ हौसेचा आहे असे माझे मत आहे आणि ते बदललेले नाही. दिवाळी अंकात जागा ऐसपैस मिळते, म्हणून हा लेख दहाव्या माणसासाठी. हा दहावा माणूस म्हणजे माझी थोरली बहीण.

ताई गोंदियाला राहते. सालेकसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिने उभा जन्म शिकवले. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. त्यामुळे निम्मी नोकरी एका जिल्ह्यात आणि निम्मी दुसऱ्या जिल्ह्यात, आणि तीही खुर्ची न हलवता झाली, असे ती मोठ्या ऐटीत सांगते. भाऊजी गेल्यापासून एकटी असते. मुलगा पुण्याला. निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशातून तिने एक लहान ऑटोमॅटिक मोटार घेतली आणि आमगाव, सालेकसा, दरेकसा अशी तिची फिरती पुन्हा सुरू झाली. जुने विद्यार्थी गावोगाव आहेत. त्यात दिवाळीनंतर त्या भागात मंडईचे दिवस येतात. भाऊबीजेपासून एकेका गावाची मंडई भरते, आणि रात्री झाडीपट्टीतली नाटके रंगतात ती पहाटेपर्यंत. ताईला निदान पाचसात गावांची आवतणे असतात, आणि ‘येते’ म्हटले की ती जाते.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला आणि डावे कोपर मोडले. हाड जुळले, पण हात पुरता सरळ होत नाही. बाजूला नेऊन खाली जोर लावायचा म्हटला की कळ येते. बोटे शाबूत आहेत, पकड चांगली आहे. डॉक्टरांनी तपासून दोन्ही हात चाकावर ठेवून गाडी चालवायला मोकळीक दिली. चाक फिरवायला तिला त्रास नाही. त्रास आहे तो मधल्या दांड्याकडे हात नेण्याचा.

तुम्ही म्हणाल, गाडी ऑटोमॅटिक आहे ना? मग ‘डी’वर टाकावी आणि जावे. दांड्याचे काम काय?

सपाटीवर काही नाही. गोंदियाहून आमगावपर्यंत दोन्ही हातांना धानाच्या बांध्या पसरलेल्या, तिथे ‘डी’ पुरेसा आहे. खरी गोष्ट उताराची आहे. पोटात टॉर्क कन्व्हर्टर असलेली साधी ऑटोमॅटिक पेटी घ्या. उतारावर आपण ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की तिला वाटते, मालकाला आता ताकद नको आहे. ती वरचा गिअर टाकते. वरच्या गिअरला इंजिन गाडीला फारसे धरून ठेवत नाही, गाडी मोकळी धावते, आणि आपण ब्रेक दाबत राहतो. लांब उतारावर सतत दाबलेला ब्रेक तापतो, आणि तापलेल्या ब्रेकची पकड कमी होत जाते. काही नव्या पेट्या उतार ओळखून आपणच खालचा गिअर धरतात, सगळ्या धरत नाहीत. म्हणून जुने ट्रकवाले सांगत, ज्या गिअरने घाट चढलास त्याच गिअरने उतर. ऑटोमॅटिक गाडीत हेच करायचे तर दांडा ‘डी’वरून बाजूच्या खाचेत ढकलायचा आणि तिथे अधिक-उणेच्या खुणांकडे मागेपुढे ठोसायचा. ताईचा हात नेमका तेवढेच करू शकत नाही.

आणि तिला उतार लागतात. गोंदिया हे कान्हाच्या जंगलाला जाणाऱ्यांचे रेल्वेचे ठाणे. ताईची नातवंडे सुटीत आली की तीच सारथी होऊन त्यांना बालाघाटवरून बैहरकडे नेते. बालाघाट सोडले की जंगलातला घाट लागतो. गेल्या वर्षी त्या घाटाने उतरताना ब्रेकचा जळका वास गाडीत आला. नातवाने फोनवर बापाला बातमी दिली आणि बापाने पुण्याहून फर्मान काढले, ‘आई, गाडी विकून टाक.’

यात वाईट हेतू नव्हता, काळजीच होती. पण त्या चार शब्दांचा अर्थ काय होता ते ताईला कळले आणि मलाही कळले. आमगावची बस मिळते, सालेकशाला रेल्वेगाडी थांबते. पण रात्री दोनला नाटकाचा पडदा पडल्यावर आडगावातून कुठली बस? गाडी गेली की मंडई गेली, विद्यार्थी गेले, आणि उरला तो संध्याकाळी पाचला दाराला कडी लावून बसण्याचा कार्यक्रम. ताईने मुलाशी वाद घातला नाही. गेल्या भाऊबीजेला मी गोंदियाला गेलो होतो. ओवाळून झाल्यावर तबकात काय टाकू म्हणून विचारले, तर म्हणाली, ‘‘अरे, पैसे नको. माझ्या गाडीच्या चाकावर ते गिअर बसवून दे.’’

शिक्षिका ती! कुठल्याशा शेजाऱ्याच्या मोठ्या गाडीत तिने पाकळ्या पाहिल्या होत्या आणि आपल्या बोटांनी ओढूनही पाहिल्या होत्या.

आता या पाकळ्यांची कुळकथा थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. चाकाच्या मध्यभागी गिअरची बटणे बसवण्याचा उद्योग अमेरिकेत फोर्ड कंपनीने एड्सेल नावाच्या मोटारीत १९५८ सालच्या नमुन्याला करून पाहिला होता. बटण दाबले की विजेची मोटर गिअर बदलायची. पण चाकाच्या मध्यभागी हॉर्न असतो हे लोकांच्या हाडीमासी भिनलेले. हॉर्न वाजवायला जावे तो हात गिअरच्या बटणावर! पुढच्या वर्षीच बटणे गेली, आणि १९५९ संपायच्या आत एड्सेलही गेली. त्यानंतर तीस वर्षांनी, १९८९ च्या मार्चमध्ये, ब्राझीलच्या शर्यतीत फेरारीची मोटार चाकामागे पाकळ्या घेऊन उतरली. जॉन बर्नार्ड या अभियंत्याला गाडी अंगाने सडपातळ हवी होती, आणि चालकाच्या बाजूचा गिअरचा दांडा जागा अडवत होता. दांडा काढला, पाकळ्या आल्या. नायजेल मॅन्सेलने ती शर्यत जिंकली. त्या शर्यतीत मधेच थांबून त्याला गाडीचे चाक बदलून घ्यावे लागले होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. चाक फिरणारी वस्तू आहे, आणि फिरणाऱ्या वस्तूत विजेच्या तारा नेणे हे सोपे काम नाही. १९९७ ला फेरारीने पाकळ्या रस्त्यावरच्या गाडीत आणल्या. पुढे त्या उतरत उतरत आपल्याकडच्या मारुतीपर्यंत आल्या. २०२२ च्या ब्रेझा आणि अर्टिगा या गाड्यांच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकला त्या आहेत.

पण फेरारीच्या नावाने भुलू नका. पाकळी ओढल्याने गाडीला अश्वशक्ती येत नाही. तिच्यात दोर नाही, सळी नाही. ती एक साधे बटण आहे, दारावरच्या घंटीसारखे. ओढली की विजेचा एक इशारा गिअरपेटीच्या संगणकाकडे जातो: ‘कृपया एक गिअर खाली द्यावा.’ हा अर्ज आहे, हुकूम नव्हे. संगणक इंजिनाचे फेरे पाहतो, वेग पाहतो, आणि खालचा गिअर टाकल्याने इंजिन मर्यादेबाहेर किंचाळणार असेल तर अर्ज सरळ फेटाळतो. उलट आपण वरचा गिअर मागायला विसरलो तर पुष्कळ गाड्यांत तो आपण होऊनच टाकतो. म्हणजे गिअर पेटीच टाकते, तुमच्या हाती फक्त मागणी. मग पाकळ्यांत मिळते काय? एकच गोष्ट. मागणी करताना हात चाकावरून उठत नाही. ज्याचा हात सहज उठतो आणि सहज परत येतो, त्याला या गोष्टीची किंमत थोडी. ताईला ती लाखमोलाची.

पेट्यांच्या जातीही पाहून ठेवा. सी.व्ही.टी. नावाच्या पेटीत खरे गिअर नसतातच. पट्टा आणि पुल्या असतात आणि पाकळी ओढल्यावर संगणक गिअरचे नाटक करतो. उतारावर धरायला तेही चालते. २०१४ ला सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या ए.एम.टी.त साधीच पेटी असते, फक्त क्लच आणि गिअर यंत्र दाबते. कुठलीही असो, पहिला प्रश्न एकच विचारायचा: माझ्या गाडीच्या दांड्याला अधिक-उण्याची खाच आहे का? असेल तर पेटीला अर्ज घेण्याची सवय आहे, फक्त अर्जाची खिडकी बदलायची. नसेल तर बाहेरून पाकळ्या बसवण्याचा नाद सोडावा. मी तरी सोडायला सांगतो.

ताईच्या गाडीला खाच होती. शिवाय त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला कारखान्याच्या पाकळ्या होत्या, म्हणजे अस्सल भाग कुठेतरी अस्तित्वात होते.

इकडे भाच्याला आईच्या मागणीची कुणकुण लागली. आधी विरोध करणारा तो, आता मोठ्या उत्साहात इंटरनेटवरून एक पेटी मागवून मोकळा झाला. चार दिवसांत पुडके गोंदियाला हजर. आत ॲल्युमिनियमच्या लालभडक, चकाकणाऱ्या दोन पाती आणि दुहेरी चिकटपट्टी. तार नाही, बटण नाही. मी फोन केला. ‘‘मामाजी, जाहिरातीत पॅडल शिफ्टरच लिहिलं होतं!’’ लिहिले होते खरे. पण ती निघाली मूळच्या पाकळ्यांना वरून चिकटवायची लांबण. ज्यांना पाकळ्या आहेत त्यांच्या पाकळ्या मोठ्या दिसाव्यात म्हणून. मूळच्या पाकळ्याच नसतील तर ती चिकटवायची कशाला? वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. या नावाखाली बाजारात जे स्वस्त मिळते, त्यात हा दागिन्याचाच माल पुष्कळ असतो.

मग मी गोंदियात गाडीच्या विजेचे काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. माणूस कामात तयार. ट्रॅक्टरचा डायनॅमो डोळे मिटून बांधील. ‘‘होते ना जी,’’ म्हणाला, ‘‘घंटाभराचं काम. चाक खोलतो, दोन बटणं लावतो, तारा खाली दांड्याच्या तारांना जोडून देतो.’’ तर्क म्हणून त्याचे बोलणे चुकीचे नव्हते. ज्या गाड्यांत दांड्याच्या खाचेत साधी बटणे असतात, तिथे पाकळ्यांच्या तारा त्याच तारांना जोडून काम होतेही. पण बोलता बोलता त्याने खिशातून तपासणीचा दिवा काढला, बॅटरीच्या तारेवर चिमटा लावायचा आणि दुसरे टोक टोचत टोचत ‘करंट’ शोधायचा तो, आणि चाकाच्या मधल्या झाकणाकडे हात नेला. मी त्याला हात जोडून थांबवले.

कारण त्या झाकणाखाली एअरबॅग असते. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. घडी घातलेली ती पिशवी धडक बसताच पापणी लवण्याआधी फुगते, आणि ती फुगवायला आत छोटा स्फोट घडवणारे रसायन असते. त्याला ठिणगी देणारी तार बहुधा पिवळ्या जोडणीतून येते. तिच्यात तपासणीच्या दिव्याचा प्रवाह सोडणे म्हणजे दिवाळीचा सुतळी बॉम्ब तोंडापाशी धरून वात हुंगण्यासारखे आहे. बॅटरी काढली तरी लगेच निर्धास्त होता येत नाही. धडकेत बॅटरी तुटली तरी पिशवी फुगावी म्हणून यंत्रात थोडी वीज साठवून ठेवलेली असते. ती ओसरायला काही मिनिटे जाऊ द्यावी लागतात. किती, ते प्रत्येक कारखाना आपल्या पुस्तकात देतो, आणि ते वाचूनच हात लावायचा असतो. कारागिराने ऐकून घेतले. ‘‘मग हे आपलं काम नाही, भाऊ. नागपूरलेच न्या,’’ म्हणाला. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. ‘नाही’ म्हणणारा मिस्त्री दुर्मिळ!

चाकातली दुसरी भानगड म्हणजे घड्याळाची कमान. चाक डावीउजवीकडे पुरते दोनतीन वेढे फिरते. हॉर्नची, रेडिओच्या बटणांची आणि एअरबॅगची तार आत सरळ नेली तर पहिल्याच वळणाला पिळून तुटेल. म्हणून चाकामागे एक चपटी डबी असते. तिच्यात तांब्याच्या बारीक वाटा असलेली लांब फीत घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली. चाक एका बाजूला फिरले की फीत आवळते, दुसऱ्या बाजूला फिरले की सैल होते. मिस्त्री लोकही तिला क्लॉक स्प्रिंगच म्हणतात. खालच्या प्रकारच्या गाडीत या फितीत जेवढ्या तारा लागतात तेवढ्याच असण्याचा संभव असतो; पाकळ्यांसाठी जादा वाट नसते. मग डबीच बदलावी लागते. बदलताना ती बरोबर मध्यावर ठेवून बसवावी लागते. एक वेढा इकडेतिकडे झाला तर गाडी दारातून निघेल, बाजारापर्यंत जाईल, आणि एखाद्या पूर्ण वळणावर फीत ताणून तुटेल. मग हॉर्न मुका आणि एअरबॅग निकामी. काही गाड्यांत पाकळ्या चाकावर नसून चाकामागच्या खांबावर असतात, त्या चाकाबरोबर फिरत नाहीत. तिथे ही कटकट नाही.

कायद्याची बाजू लोक विसरतात. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कारखान्याचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठासून सांगितले. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला, आणि परवानगी नसलेल्या बदलाला दर बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. आता पाकळ्यांसाठी नोंदणी प्रमाणपत्रात रकाना नाही. इंजिन बदलत नाही, रंग बदलत नाही, आसने बदलत नाहीत. तरीही एम.एच. ३५ ची पाटी देणाऱ्या परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे, आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. उद्या अपघात झाला आणि चाक उघडल्याचे तपासनिसाला दिसले, तर तुमच्या हातात कागद असलेला बरा.

ज्यांचे अपंगत्व ताईपेक्षा मोठे आहे, त्यांच्यासाठी याच कायद्यात वेगळा दरवाजा आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. अपंग व्यक्तीच्या वापरासाठी बदललेल्या गाडीला कायदा स्वतंत्र वर्ग मानतो, आणि नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता घेऊन असा बदल करता येतो. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांना ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताच्या दांड्याने चालवण्याची जोडणी करून मिळते. नवी गाडी बदलून घ्यायची तर त्यासाठी तात्पुरती नोंदणी देण्याची सोयही २०२३ च्या नियमांत झाली. अशा माणसाचा एक हात ब्रेकवर आणि दुसरा चाकावर गुंतलेला असतो. गिअरच्या दांड्याला तिसरा हात कुठून आणायचा? त्याच्या दृष्टीने पाकळ्या ही चैन नाही. घरात असे कुणी असेल आणि ‘तुला गाडी कशी जमणार’ म्हणून विषय मिटवला असेल, तर तो पुन्हा काढा.

नागपूरला पहिल्या ठिकाणी सरळ नकार मिळाला. खालच्या प्रकाराला वरच्या प्रकाराचा भाग लावणार नाही, हमी जाईल. हमीचा मुद्दा खोटा नाही; ज्यांची गाडी हमीत आहे त्यांनी ती संपेपर्यंत कळ काढावी. ताईच्या गाडीची हमी तोवर संपली होती. दुसऱ्या ठिकाणी एक तरुण भेटला. त्याने आधी गाडी संगणकाला जोडून पाहिली, पेटीचा संगणक पाकळ्यांचा इशारा ओळखतो की नाही ते तपासले, आणि ‘ओळखतो’ असे दिसल्यावरच भाग मागवायला होकार दिला. ही क्रमवारी मला आवडली. पैसे घेऊन चाक उघडायचे आणि मग ‘ताई, होत नाही हो’ म्हणायचे, असे त्याने केले नाही. भाग यायला तीन आठवडे गेले.

काम मात्र अर्ध्या दिवसात झाले. बॅटरी सोडून तो चहा प्यायला निघून गेला. चहाला मुद्दामच वेळ लावला. परतल्यावर एअरबॅग काढून, तोंड वर करून बाजूच्या टेबलावर ठेवली. तोंड खाली करून ठेवली आणि चुकून उडाली तर ती तोफगोळ्यासारखी छताला जाईल, हे त्याने मला न विचारता सांगितले. चाक आणि खांब यांवर खडूची खूण केली, जुनी डबी काढली, नवी मध्यावर आणून बसवली. पाकळ्या आल्या, चाक चढले, बॅटरी जोडली, आणि शेवटी संगणकावरून गाडीला सांगितले की आजपासून तुला पाकळ्या आहेत. बिलात सर्वांत मोठा आकडा पाकळ्यांचा नव्हता, त्या डबीचा होता. लोक भाव विचारताना नेहमी पाकळ्यांचा विचारतात.

परतताना नागपूरपासून मी शेजारी बसलो आणि गाडी ताईनेच चालवली. पहिल्या तासात तिने वायपर लावायला जाऊन दोनदा गिअर बदलला. एका चौकात चाक अर्धे वळवलेले असताना ‘‘अरे, डावी पाकळी कुठे गेली?’’ म्हणून ओरडली. पाकळ्या चाकाबरोबर फिरतात. चाक उलटे झाले की डावी उजवीकडे जाते. याला उपाय एकच: गिअर वळणाच्या आधी, चाक सरळ असताना मागून घ्यायचा. हा नियम खरे तर दांड्याच्या गाडीलाही लागू आहे. ताईने तो वहीत लिहून घेतला. सवय जात नाही!

उन्हाळ्यात नातवंडे आली. पुन्हा बालाघाट, पुन्हा बैहर. उतार सुरू होण्याआधी तिने डावी पाकळी ओढली, मग आणखी एकदा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी आपोआप रोखून चालू लागली. ब्रेक तिने वळणापुरता वापरला. वास आला नाही. नातवाने तीही बातमी बापाला दिली, फक्त जरा मोठ्या आवाजात. भाच्याने गाडी विकण्याचा विषय पुन्हा काढलेला नाही. ती लालभडक पाती परत करण्याची मुदत टळून गेली. ताईच्या कपाटात पडली आहेत.

सपाटीवर ती पाकळ्यांना हात लावत नाही. ‘डी’वर टाकते आणि निवांत जाते. दिवाळीच्या सुमारास धान कापून झालेले असते, रस्त्यावर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि बंड्या असतात, त्यामुळे मंडईहून परतताना चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही हा तिचा जुना नियम कायम आहे. नवीन सवय एकच लागली आहे. किल्ली फिरवली की लगेच निघत नाही. समोरच्या तबकडीत एअरबॅगचा लाल दिवा लागतो, तो काही क्षणांनी विझतो की नाही ते पाहते. विझला की आतली फीत शाबूत आहे. ज्या दिवशी विझणार नाही, त्या दिवशी मंडई कुठल्याही गावाची असो, गाडी आधी नागपूरला.